एकही हरकत आली नाही

स्टेडियम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं टीव्हीवरचं काहीतरी येत असेल. ते आधी पुसून टाका. आमच्या तालुक्याच्या गावात तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला सात पायऱ्यांचा सिमेंटचा कट्टा आणि कायम अर्धवट उघडं राहणारं लोखंडी फाटक, एवढ्याला स्टेडियम म्हणतात. मी नगर परिषदेत लिपिक होतो आणि नोकरीची शेवटची चौदा वर्षं हे स्टेडियम माझ्या टेबलावर होतं. "तुम्हाला काय, खेळ बघायचा पगार मिळतो," असं माझा साडू दर दिवाळीला म्हणायचा. खेळ मी फार कमी पाहिला. भांडणं मात्र पोटभर पाहिली.

मैदान राखणं म्हणजे मुरूम आणि पाणी. आमच्याकडची काळी माती खेळाच्या कामाची नाही. पावसाळ्यात पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात भेगा पडून घोटे मोडते. म्हणून वरून मुरमाचा थर द्यायचा, त्यावर टँकरनं पाणी मारायचं आणि ओल अर्धी उरली की रोलर फिरवायचा. घाई केली तर मुरूम रोलरला चिकटून वर येतो, उशीर केला तर नुसता फुफाटा. वेळ कधी झाली हे घड्याळावरून कळत नाही. मूठभर मुरूम दाबायचा. गोळा झाला पाहिजे, पण तळहाताला लागता कामा नये. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं नाही, आधीच्या शिपायानं शिकवलं. शेवटी फक्की, म्हणजे रेघा मारायची पांढरी पूड. उन्हाळ्यात गावाला आठ-आठ दिवस नळ यायचा नाही आणि मी मैदानावर टँकर ओतायचो. फाटकाबाहेर घागरी घेतलेल्या बाया ज्या शिव्या द्यायच्या, त्या इथं छापता येणार नाहीत. त्या खोट्याही नव्हत्या.

गिऱ्हाइकं तीन. पहिला क्रिकेट क्लब. त्याचे अध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. दुसरं सकाळी फिरणाऱ्या निवृत्तांचं मंडळ. त्यांचे एक माजी मुख्याध्यापक गुडघ्याला खडे टोचतात म्हणून मला दर सोमवारी लेखी तक्रार द्यायचे, आणि तक्रारीत माझ्या आधीच्या उत्तरातलं शुद्धलेखन तपासून लाल खुणा करून द्यायचे. तिसरा मुलींचा खो-खो संघ, सुमन जोगदंडचा.

सुमन म्हणजे कोणी शिक्षिका किंवा अधिकारी नव्हे. ती आणि तिचा नवरा भागवत ऊस तोडायला जातात. आमच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: दिवाळी झाली की अर्धं गाव नवरा-बायकोच्या जोडीनं कोयते घेऊन दूरच्या साखर कारखान्यांना जातं आणि गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत येतं. त्या मधल्या महिन्यांत वस्त्यांवर फक्त म्हातारी माणसं असतात. सुमनचं माहेर युसूफ वडगावचं, लहानपणी ती शाळेच्या संघातून खो-खो खेळलेली. लग्नानंतर उन्हाळा-पावसाळा ती वस्तीतल्या मुली गोळा करून शिकवायची, साडी खोचून स्वतः पळायची. हाताला घट्टे, आवाज खणखणीत. तिनं आईबापांशी एक बोली केली होती: जी पोरगी जिल्ह्याच्या संघात जाईल, तिला उसाच्या फडावर न्यायचं नाही. ती आजीपाशी राहील, शाळा करील. अशा चार पोरी तिनं मागं ठेवल्या होत्या. मुक्ता नावाची त्यातली एक तर अशी पळायची, की चेंडू आणायला आलेली क्रिकेटची मुलंही चेंडू विसरून उभी राहायची.

हे सगळं चालायचं पूर्वेच्या भिंतीलगतच्या पट्टीवर. जमिनीत पुरलेले दोन लोखंडी पाइप, त्यात बसवायचे दोन लाकडी खांब, आणि खेळ संपला की खांब काढून पाइपांवर झाकण. ते झाकण सुमनच्या मुली कधी विसरल्या नाहीत.

एकदा मोठ्या पुढाऱ्याची सभा ठरली आणि हेलिकॉप्टर उतरवायला स्टेडियम निवडलं. गावातली सर्वांत टणक, सपाट जागा म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी. तिच्यावर मीच फक्कीनं मोठा गोल काढला आणि धूळ बसावी म्हणून चार टँकर ओतले. पाणी जास्त झालं. हेलिकॉप्टर चिखलात उतरलं आणि पुढाऱ्यांचे पांढरे बूट काही पांढरे राहिले नाहीत. फाटकाशी ठेवलेली उरलेली फक्की तर पहिल्याच वाऱ्यात उडून शेजारच्या भज्यांच्या कढईत गेली. पुढारी वीस मिनिटं थांबले. खेळपट्टी दुरुस्त व्हायला सहा महिने लागले. अण्णांनी निषेधाचं पत्र दिलं, मला कारणे दाखवा नोटीस निघाली. सुमन मात्र हसत होती. "आमची पट्टी भित्तीच्या आडोशाला हाय म्हनून वाचली, भाऊसाहेब. गरिबाचं कोपऱ्यातच बरं असतंय."

तीन गिऱ्हाइकांची वेळ आणि जागा ठरवायला वर्षातून एक बैठक व्हायची. ती मी नेहमी पाडव्यानंतर ठेवायचो. नियमात तसं कुठंही नव्हतं. सुमन तेव्हा परत आलेली असायची, एवढंच कारण. वर्षानुवर्षं तसं चाललं. बैठकीत अण्णा आवाज चढवायचे, मुख्याध्यापक नियम वाचायचे, सुमन टेपनं मापलेले आकडे तोंडपाठ सांगायची. तासाभरानं चहा यायचा आणि तिघं मागच्याच वर्षीच्या वेळापत्रकावर सह्या करायचे. मला त्या बैठकीचा थोडा अभिमान होता. गावात इतकी माणसं एका खोलीत भांडून सह्या करून उठतात, असं दुसरं ठिकाण मला ठाऊक नाही.

मग अण्णांना मोठी स्वप्नं पडू लागली. गवताची खेळपट्टी, सरावासाठी जाळी, चहूबाजूंनी कुंपण. क्लब खर्च करील, देखभाल करील. नगर परिषदेनं फक्त मैदान क्लबला भाडेपट्ट्यानं द्यायचं. फिरणाऱ्या मंडळींना कडेनं सिमेंटचा रस्ता मिळणार होता, त्यामुळं तेही गप्प झाले. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. नव्या नकाशात पूर्वेच्या भिंतीलगत कपडे बदलायच्या खोल्या दाखवल्या होत्या. खो-खो त्यात नव्हता.

ठराव करायच्या आधी हरकती मागवाव्या लागतात. फलकावर नोटीस लावायची, आधीपासून मैदान वापरणाऱ्यांच्या हातात तिची प्रत द्यायची, तीस दिवस वाट पाहायची. मी नोटीस टाइप करून मुख्याधिकाऱ्यांकडं नेली तेव्हा नवरात्र चालू होतं. त्यांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दिवाळी होऊ द्या. दिवाळीनंतर काढा."

बस, एवढंच. बीड जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या माणसाला "दिवाळीनंतर"चा अर्थ विचारावा लागत नाही. मला कोणी धमकावलं नाही. कोणी पाकीट दिलं नाही. तसं काही झालं असतं तर आज लिहायला सोपं गेलं असतं. माझे स्वतःचे वडील बारा हंगाम कोयत्यावर गेलेले. दिवाळीनंतर वस्तीत कोण उरतं, हे मला मुख्याधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तरी मी "बरं साहेब" म्हणालो. निवृत्तीला तीन वर्षं होती, मी भांडणांना कंटाळलो होतो आणि सुंठीवाचून खोकला जात होता. आणखी खरं सांगायचं तर हेलिकॉप्टरच्या प्रकारानंतर साहेब माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलले होते.

दिवाळी झाली, ट्रॅक्टर गेले. आठवडाभरानं मी नोटिशीची प्रत घेऊन सुमनच्या वस्तीवर गेलो.

घरी तिची सासू होती, कोंडाबाई. पत्र्याच्या सावलीत बसून सुपात तूर निवडत होती. डोळ्यांना कमी दिसायचं, कान मात्र शाबूत होते.

"कोण हाय रं?"

"नगर परिषदेतून आलोय, आजी. सुमनताई आहेत का?"

ती नाही हे मला माहीत होतं.

"गेली की फडावर. भागवत बी गेला. मी अन् ही शेळी, दोघीच हाव." मग आवाज बारीक झाला. "निराधारच्या पगाराचं हाय का, बाबा? बंद तं न्हाई ना करायले?"

तिला निराधार योजनेचं अनुदान मिळायचं आणि ते कधीही बंद होईल ही भीती तिला रोज असायची, हे मला तिच्या स्वरावरून कळलं. मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं, की आजी, हे मैदानाचं आहे, सुमनला फोन लाव. म्हटलं असतं तर तिनं शेजारच्या म्हाताऱ्याकडून फोन लावून घेतला असता, सुमननं फडावरून हरकत कळवली असती आणि ठराव अडला असता. मी म्हणालो, "हो, सरकारी कागद आहे. अंगठा दिला की काही बंद होत नाही."

मी शाईचं पॅड सोबत नेलं होतं. घरून निघतानाच नेलं होतं, यावरून काय ते समजा. तिनं माझ्या हातात अंगठा दिला, मी तो पॅडवर दाबून कागदावर टेकवला. नंतर तिनं तो आपल्या पांढऱ्या केसांना पुसला. "लई उपकार झाले बाबा, एवढं उन्हाचं आलाव. थांब, च्या ठिवते," म्हणाली. चुलीवरचा कोरा चहा मी प्यालो. तिची प्रत तिनं पत्र्याच्या डब्यात, निराधारच्या कागदांत ठेवली.

तीस दिवस झाले. फाइलवर मी माझ्या हातानं लिहिलं: 'विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही.' ठराव झाला. महिन्याभरात कुंपणाची जाळी लागली. आजीपाशी राहिलेल्या चार मुली एकदा खांब खांद्यावर घेऊन फाटकाशी आल्या. नव्या रखवालदारानं त्यांना परत पाठवलं. मी कट्ट्यावर कंत्राटदाराशी बोलत उभा होतो. मुक्तानं मला हाक मारली. मी हातानंच 'नंतर' अशी खूण केली.

पाडवा झाल्यावर सुमन कचेरीत आली. उन्हानं रापलेली, एका बोटाला चिंधी. आरडाओरडा करील असं वाटलं होतं. तिनं केला नाही. म्हणाली, "फाइल दावा."

मी दाखवली. तिनं नोटीस अडखळत, पण पूर्ण वाचली. खाली अंगठ्यापाशी थांबली.

"ह्यो कोनाचा?"

"तुमच्या सासूबाईंचा."

"भाऊसाहेब, माजा नंबर तुमच्याकडं व्हता. मुक्ताचं नाव जिल्ह्यात आलं तवा तुमीच फोन केलता."

"नियमात घरच्या सज्ञान माणसाला प्रत दिली तरी चालते," मी म्हणालो. हे खरं होतं.

तिनं फाइल मिटून माझ्याकडं सरकवली. मग मान वर करून तिनं एकच विचारलं. "आत्याबाई म्हनती, मला निराधारचं हाय म्हनून सांगितलं. तुमी तिला नीट सांगितलं व्हतं ना, कशाचं हाय ते?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो, त्याचंच हे फळ. "मंग तिचीच चूक," ती म्हणाली. "म्हातारी झाली. ध्यानात ऱ्हात न्हाई तिच्या." आणि उठून गेली.

तिनं बीडला जाऊन वरपर्यंत दोनदा अर्ज केले. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, की नोटीस रीतसर बजावलेली आहे, पोच जोडलेली आहे. अण्णांनी मोठ्या मनानं कुंपणाबाहेर गाड्या लावायची जागा देऊ केली. तिथं खडी होती. खो-खोत जमिनीला हात टेकून बसावं लागतं आणि खांबापाशी अंग झोकून द्यावं लागतं. मुली गुडघे फोडून घेऊन घरी जायच्या. पावसाळ्यात तिथं गाड्यांचा चिखल झाला. संघ जिल्ह्याला गेला नाही. गेला नाही म्हणताच आईबापांची बोलीही संपली. त्या दिवाळीनंतर चारही मुली ट्रॅक्टरवर चढल्या. मुक्ताचं त्याच हंगामात फडावरच जमवून टाकलं, आणि पुढच्या वर्षी ती सासरच्या टोळीतून ऊस तोडायला गेली. मी तिला नंतर एकदाच पाहिलं, बसस्टँडवर. कडेवर मूल होतं. तिनं ओळख दिली, मीच नजर वळवली.

गवताची खेळपट्टी दोन उन्हाळे जगली. पाणी कुठून आणणार? आता तिथं लग्नाचे मांडव पडतात. हे सांगून मला बरं वाटत नाही. क्रिकेटवाल्यांचं भलं झालं असतं तरी निदान कोणाचं तरी झालं असतं.

मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, अण्णांचं भाषण. गेल्या हिवाळ्यात कोंडाबाई गेल्याचं कानावर आलं. घरचे फडावर होते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीच उचललं.

यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, स्टेडियमच्या गमतीजमती लिहा म्हणून. हेलिकॉप्टरपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. पुढचं लिहिलं तर छापून येणार दिवाळीला, आणि गावात वाचलं जाईपर्यंत सुमन गेलेली असणार. ती नसताना कागद लावायचं काम मी एकदा केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून वस्तीवर गेलो.

भागवत ओसरीवर बसून कोयत्याला कानस मारत होता. सुमन गोधड्यांची गाठोडी बांधत होती. तिनं मला पाहिलं, पदर नीट केला, भाऊ आल्यासारखी "या भाऊसाहेब, बसा" म्हणाली. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"सुमनताई, मी तुमच्या सासूबाईंना खोटं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं निराधारचं आहे का, मी हो म्हणालो. मग कचेरीत तुमच्याशीही खोटं बोललो. त्यांची काही चूक नव्हती."

सुमनच्या हातातली दोरी तशीच राहिली. कानशीचा आवाज मात्र थांबला.

"परत सांगा," भागवत म्हणाला.

मी परत सांगितलं. त्यानं मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी आई खरं बोलत व्हती?"

"हो."

"शेवटपस्तोर तेच म्हनत व्हती, निराधारचंच म्हनला. मी म्हनलं, पोरींचं वाटुळं केलं अन् वर लबाड बोलती. भाऊसाहेब कशाला खोटं बोलतील?" त्यानं कोयता बाजूला ठेवला आणि आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग मान वर करून मला विचारलं, अगदी हळू, मला ठाऊकच असावं तसं.

"मंग मी तिला मारलं कशापायी?"